मागची गल्ली, बंद समाजमंदिर आणि बीट चौकी : एका वसाहतीच्या प्रकल्प नोंदी

पुण्याच्या दक्षिण भागातली आमची वसाहत. बैठी घरं, मधे काही चाळवजा इमारती, एका अंगाला नाला आणि दुसऱ्या अंगाला मोठा रस्ता. गाड्यांची तोडफोड, मोबाइल हिसकावणं, पेट्रोलचोरी आणि अंधार पडल्यावर बायकांना शौचालयाला जायची भीती, एवढे प्रश्न घेऊन आम्ही कामाला लागलो. मी पेशाने वायरमन. वही माझ्याकडे होती म्हणून नोंदी मी ठेवल्या. दुसऱ्या कुठल्या वस्तीत कोणी हेच काम काढलं असेल तर उपयोगी पडाव्यात म्हणून त्या जरा नीट करून इथे देतो. वसाहतीचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. यातली बरीच पोरं अजून शाळेत जातात.

८ जानेवारी २०२३

परवा रात्री नाल्याकडच्या गल्लीत उभ्या गाड्या फोडल्या. सीट फाडल्या, आरसे तोडले, एका रिक्षाची पुढची काच कोयत्याने फोडली. कोणाचं कोणाशी वैर नव्हतं. दहशत बसवायला आली होती पोरं, जाताना आरडाओरडा करत गेली. सगळ्यात मोठा फटका रिक्षावाल्या भाऊंना बसला. काच गेली, हूड फाटलं, शिवाय गाडी उभी राहिली म्हणून धंदाही बुडाला.

आज रविवार, म्हणून मंडळाच्या ओट्यावर सगळे जमले. पहिला बराच वेळ नुसता राग निघाला. मग दोन मागण्या पुढे आल्या. एक, कॅमेरे बसवा. दुसरी, पुलापलीकडे पालं टाकून राहिलेल्या पारधी कुटुंबांना हाकला.

दुसऱ्या मागणीवरून बैठकीतच जुंपली आणि ते बरं झालं. गाड्या फोडणारी पोरं कुठल्या गल्लीतली, हे जमलेल्यांपैकी अनेकांना माहीत होतं, तरी बोट पालांकडे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगाराचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, शिक्का काही पुसला गेला नाही. बचत गटाच्या ताईंनी उभं राहून विचारलं, "त्यांच्यातल्या कोणाला गाडीला हात लावताना पाहिलंय का कोणी? पाहिलं असेल त्याने आत्ता सांगावं." कोणी बोललं नाही. वहीत पहिला ठराव लिहिला : डोळ्यांनी पाहिलेलं नोंदवायचं, ऐकीव नाही.

१५ जानेवारी

वसाहतीचा हाताने काढलेला नकाशा घेऊन संध्याकाळी आणि पुन्हा पहाटे फेरी मारली. पुरुषांची फेरी वेगळी, बायकांची वेगळी ठेवली. हे ज्यांना करायचं असेल त्यांनी असंच करावं, कारण दोन्ही नकाशे एकमेकांशी जुळले नाहीत. पुरुषांच्या फुल्या गाड्या उभ्या राहतात तिथे होत्या. बायकांच्या फुल्या सार्वजनिक शौचालयाभोवती, त्यातही मागच्या गल्लीत. तिकडच्या भिंतीवर पोरं बसतात. बायकांच्या बाजूचा दिवा चोरीला गेलाय, दोन दारांना आतून कडी नाही. एक मावशी म्हणाल्या, "संध्याकाळी पाचनंतर मी पाणीच पीत नाही." इतकी वर्षं त्या गल्लीत राहून हे पुरुषांपैकी कोणाच्या कानावर आलेलं नव्हतं.

दोन्ही नकाशे एकावर एक ठेवल्यावर तीन जागा ठरल्या : शौचालयामागची गल्ली, बंद पडलेलं समाजमंदिर आणि नाल्यावरचा पादचारी पूल. तिन्ही ठिकाणी अंधार पडल्यावर कोणाचं काही काम नसतं. दुकान नाही, ओटा नाही, दार उघडत नाही. तिथे जाण्याचं कारण फक्त ज्याला लपायचंय त्याला.

२९ जानेवारी

दिव्यांपासून सुरुवात केली, कारण तेवढं मला कळतं.

त्या पट्ट्यात अकरा खांब, त्यातले पाच बंद. "आमच्याकडे अंधार आहे" अशी तक्रार केली तर माणूस येतो, दिवसा वर बघतो आणि जातो. प्रत्येक खांबावर नंबर रंगवलेला असतो. खांबागणिक वेगळी तक्रार टाका आणि फोटो रात्री काढा. नंबरवर बॅटरी मारा, म्हणजे वर बंद दिवा आणि खाली नंबर एकाच फोटोत येतो. आमच्या पाचपैकी दोन दिवे खरोखर गेले होते, ते आठवड्यात बदलून मिळाले. उरलेल्या तिघांचा दोष जमिनीखालच्या केबलमध्ये. नळासाठी कोणीतरी चर खणला तेव्हा ती दुखावली होती आणि पावसाळ्यात पाणी शिरून तुटली. ते काम दिव्याच्या माणसाचं नव्हे, केबलचं वेगळं पथक येतं. तक्रारीत "तीन सलग खांब बंद, केबल दोष असावा" असं स्पष्ट लिहिल्यावर योग्य माणसं आली.

दोन दिवे चालू असून उजेड खाली पोचत नव्हता. गुलमोहराच्या फांद्या आड येत होत्या. फांद्या स्वतः तोडू नका. उद्यान विभागाकडे छाटणीचा अर्ज करा, परवानगीशिवाय हात लावला तर गुन्हा तुमच्यावरच पडतो.

शौचालयामागे मात्र खांबच नाही. तिथे ताईंच्या घराच्या मीटरवरून ३० वॅटचा फ्लडलाइट लावला. रात्रभर जळला तरी महिन्याला साधारण दहा युनिट होतात. ते पैसे वर्गणीतून द्यायचे ठरलं. पथदिव्याच्या खांबावर आकडा टाकायची सूचना आली होती, ती मी ऐकून घेतली नाही. ती वीजचोरी आहे, आणि पावसात लोखंडी खांबाला करंट उतरला तर लहान मूल जाईल.

१२ फेब्रुवारी

फ्लडलाइट एकदा फुटला, एकदा झाकला गेला. पहिला नऊ फुटांवर लावला होता, कोणीही दगड मारावा. दुसरा उंच लावला तर समोरच्या घरात थेट पडायला लागला. त्या घरातल्या आजोबांना झोप येईना, त्यांच्या मुलाने त्यावर पोतं टाकलं. आता चौदा फुटांवर, तोंड जमिनीकडे वळवून, वर पत्र्याचं झाकण आणि पुढे जाळी. पत्रा आणि जाळी भंगारवाल्याकडून आणली. हा टिकलाय. दिवा कुठे लावायचा हे ज्याच्या खिडकीसमोर लागणार त्याला आधी विचारा, म्हणजे तोच नंतर त्याची राखण करतो.

२६ फेब्रुवारी

रात्रगस्त बंद केली.

जानेवारीतल्या तोडफोडीनंतर तरुणांनी काठ्या घेऊन गस्त सुरू केली होती. पहिले काही दिवस उत्साह होता. मग सकाळच्या पाळीवाले गळाले, नंतर लग्नसराई आली. उरले ते ज्यांना काठीची हौस होती. परवा रात्री एक टेम्पोवाला पत्ता शोधत आत आला. त्याची भाषा वेगळी, उत्तरं तुटक. गस्तवाल्यांनी त्याला घेरलं, एकाने कॉलर धरली. रिक्षावाले भाऊ मधे पडले म्हणून तेवढ्यावर निभावलं. तो आमच्याच वाण्याकडे माल टाकायला आला होता.

धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. ती माणसं मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची. मारणारेही संरक्षण करतोय याच समजुतीत होते. बैठकीत मी ही घटना सांगितली आणि काठ्या मंडळाच्या खोलीत जमा केल्या. काही तरुण नाराज झाले, दोघे कामातूनच बाहेर पडले. ते नुकसान मान्य आहे.

१९ मार्च

पोलिसांशी नीट बोलणं झालं. आधी निवेदन घेऊन पंधरा-वीसजण गेलो होतो, साहेबांनी निवेदन घेतलं, फोटो निघाला, पुढे काही नाही. या वेळी बीट चौकीवर, म्हणजे आमच्या भागाच्या छोट्या पोलीस चौकीवर, तिघंच, नकाशा घेऊन. तीन जागा, कोणत्या वेळेला काय घडतं, कोणता दिवा बंद, कोणता चालू झाला. बीटचे हवालदार नकाशा बघत बसले आणि पुलाजवळची एक जागा त्यांनी स्वतः जोडली. ती आम्हाला ठाऊक नव्हती.

जुने प्रयोग आमच्यासमोर होते. भिवंडीत १९८४ ला मोठी दंगल झाली होती. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी गल्लोगल्ली मोहल्ला समित्या उभ्या केल्या. सण आला की बोलावतात तशी पुढाऱ्यांची शांतता समिती ही नव्हे. साधी माणसं, नियमित बैठक आणि सोबत त्या भागाचा पोलीस. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारी मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. दुसरा प्रयोग पुण्यातलाच, झोपडपट्टी पोलीस पंचायतीचा. ए. एन. रॉय इथे पोलीस आयुक्त असताना महिला मिलन (वस्त्यांतल्या बायकांची संघटना) आणि जोकिन अर्पुथम यांच्या झोपडपट्टीवासीयांच्या फेडरेशनसोबत तो सुरू झाला, रॉय मुंबईला गेल्यावर तिकडेही पोचला. पंचायतीत दहा माणसं : सात बायका, तीन पुरुष.

आमची समिती केली तेव्हा आम्ही तेच प्रमाण घेतलं. यावर पुरुषांची कुरकुर झाली, पण नळावरची भांडणं, दारुड्या नवऱ्याचा गोंधळ, कोणाचं पोर कोणासोबत फिरतंय, ही माहिती कोणाकडे असते हे सगळ्यांना कळत होतं. कुठल्याही पक्षाचा पदाधिकारी घ्यायचा नाही, हा नियम मात्र पाळायला फार जड गेला.

हवालदारांकडे आम्ही मागितलं ते एवढंच : दर गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास ओट्यावर बसायचं आणि वहीत सही करायची. जास्तीची गस्त मागितली नाही. ती बंदोबस्त लागला की सुटते.

२३ एप्रिल

समितीने काय हाताळायचं नाही, हे आज लिहून काढावं लागलं. एका अल्पवयीन मुलीशी झालेल्या वाईट प्रकाराबद्दल दोन वडीलधारे "घरातल्या घरात मिटवू" म्हणून समितीकडे आले. समितीतल्या बायकांनी तिथल्या तिथे नकार दिला आणि त्याच संध्याकाळी आईला घेऊन ठाण्यात गेल्या. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात असा प्रकार कळल्यावर तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मिटवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आता फळ्यावर लिहिलंय : पार्किंग, पाणी, आवाज, उसनवारी, पोरांची भांडणं समितीपुढे. मारहाण, बायका-मुलांवरचा अत्याचार, हत्यार, चोरी थेट ठाण्यात. नवऱ्याकडून होणाऱ्या त्रासासाठी पोलिसांचा भरोसा सेल, मुलांसाठी १०९८, तातडीचं काही असेल तर ११२.

२ जुलै

२७ जूनला सदाशिव पेठेत सकाळच्या वर्दळीत एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला. बघे पुष्कळ होते, धावून जाऊन तिला वाचवलं ते थोड्या तरुणांनी. त्यामुळे आजच्या बैठकीला ओटा पुरला नाही आणि कॅमेऱ्यांची वर्गणी एका दिवसात जमली. चार कॅमेरे, डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारी पेटी), केबल मिळून सुमारे २२,००० रुपये.

दिवे आधी, कॅमेरे नंतर, असं मी सुरुवातीपासून सांगत होतो. पण लोकांच्या मनात भीती असताना त्यांना थांबवणंही बरोबर वाटेना.

३० जुलै

कॅमेऱ्यांचा पहिला हिशेब. पुलावरच्या कॅमेऱ्यात रात्री फक्त हेडलाइटचे गोळे दिसतात, गाडीचा नंबर वाचता येत नाही. पेट्रोलचोरीचं रेकॉर्डिंग पोलिसांनी मागितलं तोवर त्यावर नवं रेकॉर्डिंग चढलं होतं, कारण ठेकेदाराने लहान हार्ड डिस्क बसवली होती आणि आम्ही विचारलंच नव्हतं. लाइट गेली की डीव्हीआर बंद, आणि आमच्याकडे लाइट नेमकी पावसात जाते.

दुरुस्ती अशी केली. पुलावरचा कॅमेरा काढून वळणावर आणला, तिथे गतिरोधक असल्याने गाडी हळू होते. उंची कमी केली, शेजारी दिवा लावला. पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग राहील एवढी डिस्क बदलून घेतली. मंडळाच्या खोलीतल्या जुन्या इन्व्हर्टरला नवी बॅटरी टाकून डीव्हीआर त्यावर घेतला. या सगळ्यात आणखी बरेच पैसे गेले. आधी दिवे आणि जागा नक्की केल्या असत्या तर चारऐवजी दोन कॅमेऱ्यांत भागलं असतं.

१३ ऑगस्ट

या कामातला सगळ्यात वाईट आठवडा.

एका दुचाकीची तोडफोड कॅमेऱ्यात सापडली. पोरगा ओळखू आला, आमच्याच वसाहतीतला, नववीतला. समितीतल्या एकाने ती क्लिप नावासकट ग्रुपवर टाकली. तासाभरात ती शेजारच्या वस्त्यांत पोचली. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला, ती धुणीभांडी करते, एका घरी कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. पोराने शाळा सोडली आणि ज्या टोळक्याबरोबर तो आधी कधीमधी बसायचा त्यांच्यातच दिवसभर बसू लागला.

गुरुवारी हवालदार आले ते क्लिपबद्दल बोलायलाच. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. गाडीवाल्यांचं म्हणणं, "आमची गाडी फुटली आणि आम्हीच गुन्हेगार?" त्यांचा संताप खरा होता. गाडीचा हप्ता अजून चालू आहे.

तोडगा काढायला बराच काळ लागला. क्लिप सगळीकडून काढायला लावली. डीव्हीआरचा पासवर्ड आता समितीतल्या दोघींकडेच, आणि रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर फक्त पोलिसांना, वहीत नोंद करून. ताई आणि मी त्या माऊलीसोबत तिच्या कामाच्या घरी गेलो, बाईंशी बोललो. काम परत मिळालं. पोराचं पुढे काय झालं ते खाली येईल.

३ सप्टेंबर

महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना कामं सुचवता येतात. पुण्यात हे २००६-०७ पासून चालू आहे, तरी आमच्या वसाहतीत एकालाही माहीत नव्हतं. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घेतात आणि काम मंजूर झालं तर पुढच्या एप्रिलनंतरच्या वर्षात येतं. म्हणजे आज मागाल ते वर्षाने मिळेल, हे धरूनच चला. एका कामाला पाच लाखांची मर्यादा असल्याने "वसाहतीचा विकास करा" असं लिहिलं तर कागद बाजूला पडतो. आम्ही तीन वेगळे अर्ज दिले : शौचालयामागे दोन खांब आणि फरशी, पुलाचे कठडे आणि दिवे, समाजमंदिराचं छत आणि वायरिंग. मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक आहे, नगरसेवक नाहीत. त्यामुळे पाठपुरावा आम्हालाच करायचा.

१९ नोव्हेंबर

दिवाळी होताच समाजमंदिराकडे वळलो. कितीतरी वर्षं कुलूप. आवारात राडारोडा, फुटक्या बाटल्या, नशेसाठी हुंगलेल्या व्हाइटनरच्या ट्यूबा. कुलूप तोडून आत घुसायचा आग्रह पुष्कळांचा होता. इमारत महापालिकेची, तोडलं असतं तर उद्या आम्हीच अतिक्रमण करणारे ठरलो असतो. अर्ज करून, पंचनामा करून किल्ली घेतली. उशीर झाला, पण पुढे कोणी बोट दाखवू शकलं नाही.

बाहेरचा कचऱ्याचा ढीग हा मोठा अडसर होता. कितीदा उचलला तरी दोन दिवसांत पुन्हा तेवढाच. 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक ताई रोज पहाटे तिथे असतात, त्यांना विचारलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. वसाहतीचा कचरा त्यात थोडाच. रात्री अकराच्या सुमाराला बाहेरून एक केटरिंगवाला पोती टाकून जायचा. त्याला दोन रात्री समोर उभं राहून सांगितलं, तो बंद झाला. तिथे कचरावेचक ताईंनी कचरा वेगळा करायला ओटा मागितला, तो बांधून दिला. पहाटे पाच ते सात ती जागा आता त्यांच्या ताब्यात असते.

आवार मोकळं करायला जेसीबी आणि डंपर मिळून सहा-सात हजार गेले. रंग बचत गटाने दिला.

२८ जानेवारी २०२४

अभ्यासिका सुरू केली. दहावीची परीक्षा १ मार्चपासून, म्हणून घाई. टेबलं एका बंद झालेल्या क्लासची, जुनी. सहा ट्यूबलाइट, चार पंखे, वायरिंग मी केलं.

पहिल्या आठवड्यात सगळ्या मुलीच आल्या. त्यांच्या घरात दिवा असतो पण जागा नसते. मुली येतात म्हटल्यावर त्यांना घ्यायला रात्री साडेनऊला आया, भाऊ येऊ लागले. वडापाववाल्या मावशींनी गाडी मोठ्या रस्त्यावरून समाजमंदिरासमोर आणली. चहावाला आला. जी जागा संध्याकाळी सातनंतर ओसाड असायची तिथे दहापर्यंत राबता असतो. भिंतीवर बसणारं टोळकं कोणी न हाकलता उठून गेलं. पोलीस, कॅमेरे, गस्त यांच्यापैकी कशानेही जे झालं नव्हतं ते या वर्दळीने झालं, असं माझं ठाम मत झालंय.

पण ज्या पोरांसाठी खटपट होती ती आत आली नाहीत. दारात उभी राहून बघायची. अभ्यासिका म्हणजे हुशार मुलांची जागा, असं त्यांनी धरलं होतं.

१७ मार्च

काल लोकसभेची आचारसंहिता लागली. पाच लाखांच्या मर्यादेत मंजूर होऊ घातलेली कामं आता निकालापर्यंत पुढे सरकणार नाहीत. वेळापत्रक आखताना निवडणुकीचं वर्ष बघा, आम्ही बघितलं नव्हतं.

मधल्या काळात किल्लीवरून वाद पेटला. एका राजकीय कार्यकर्त्याने समाजमंदिरात वाढदिवसाचा कार्यक्रम ठेवायचा म्हणून किल्ली मागितली. एकाला दिली की सगळ्यांना द्यावी लागते. किल्ल्या तीन केल्या. एक ताईंकडे, एक बारावीतल्या मुलीकडे, एक चौकीत. वापर फक्त अभ्यास आणि समितीच्या बैठकीसाठी, असं दारावर रंगवून टाकलं. तो माणूस महिनाभर बोलत नव्हता.

९ जून

नववीतला तो पोरगा. वर्षभर शाळेबाहेर. हवालदारांनी त्याच्या आईला सांगून त्याला गुरुवारी ओट्यावर आणलं, माझ्याशी गाठ घालून दिली. मी त्याला हाताखाली घेतलं. सुरुवातीला नुसता पाना धरून उभा राहायचा. एके दिवशी शौचालयामागच्या दिव्याचा होल्डर जळला होता, त्याने विचारलं, "मी चढू का?" मेन बंद करून, टेस्टर लावून दोनदा तपासून घेतलं आणि चढवलं. खाली उतरल्यावर ज्याची गाडी त्याने फोडली होती तेच गृहस्थ गल्लीतून जात होते. थांबले, वर दिव्याकडे बघितलं, "नीट लावलास का रे?" म्हणाले. पोरगा फक्त "हो काका" म्हणाला. त्याच्यानंतर आणखी दोघं आली.

त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवायचं, मग औंधच्या आयटीआयला वायरमन ट्रेड, असं ठरतंय. त्याच्या आईला धास्ती की पोलिसांत नाव गेलंय, उद्या नोकरी लागायची नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम २४ नुसार, काही गंभीर अपवाद सोडले तर, लहानपणीच्या गुन्ह्यामुळे पुढे अपात्रता येत नाही. ही एक गोष्ट प्रत्येक वस्तीत भिंतीवर लिहायला हवी. "आता माझं काही होणार नाही" असं एकदा पोराच्या डोक्यात बसलं की टोळीवाल्याचं काम सोपं होतं.

२८ जुलै

२५ तारखेच्या पावसात पुण्याचे बरेच भाग पाण्याखाली गेले. आमचा नाला काठोकाठ आला, समाजमंदिराचं छत गळून दोन ट्यूबलाइट आणि निम्मी पुस्तकं गेली. वायरिंग उघड्यावरून न नेता पाइपातून नेलं होतं म्हणून शॉक कोणाला बसला नाही.

१ जुलैपासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. हिसकावून नेण्याचा गुन्हा तिच्यात कलम ३०४ म्हणून वेगळा धरलाय. मोबाइल हिसकावला की लोक "हरवला" असा अर्ज देऊन मोकळे होत, सिमकार्ड मिळालं की झालं. आता समितीतली एक बाई सोबत जाते आणि तक्रार हिसकावल्याचीच नोंदवून घेतो. तसं नोंदवलं नाही तर या रस्त्यावर किती मोबाइल जातात हे पोलिसांच्या कागदावर येतच नाही.

याचा एक परिणाम आधीच सांगून ठेवतो. नोंदलेले गुन्हे वाढतात. मोठ्या बैठकीत एकाने तोच आकडा काढून "तुमच्या समितीनंतर गुन्हे वाढले" असं सुनावलं. आमच्या वहीत घटना नोंदलेल्या होत्या, तक्रार झालेल्या आणि न झालेल्याही, म्हणून उत्तर देता आलं. पहिल्या दिवसापासून वही ठेवा.

६ ऑक्टोबर

बीटच्या हवालदारांची बदली झाली. नव्या अंमलदारांना सगळं पहिल्यापासून. जुन्यांनी जाण्याआधी एका गुरुवारी त्यांना सोबत आणून बसवलं, वही दाखवली. हा त्यांचा मोठेपणा, नाहीतर आम्ही महिनोन्‌महिने मागे गेलो असतो. बदली होणारच. दोघा पोलिसांशी ओळख ठेवा, एकाशी नको.

दुसरी गोष्ट. शौचालयामागून उठलेलं दारूचं टोळकं पलीकडच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला जाऊन बसलं होतं. सोसायटीवाले चिडले, त्यांच्या दृष्टीने आम्ही आमची घाण त्यांच्या दारात ढकलली. त्यांचं म्हणणं रास्त होतं. आता त्यांचे दोघे समितीत बसतात, त्यांनी भिंतीलगत दिवे लावले आणि मागचं फाटक संध्याकाळी उघडं ठेवायला लागले. त्यांच्याकडे कामाला जाणाऱ्या आमच्या बायकांना त्यामुळे पुलावरून वळसा पडत नाही. त्या टोळक्यातल्या दोघांसाठी व्यसनमुक्तीची खटपट चालू आहे. एक टिकलाय, दुसरा निघून आला.

२९ डिसेंबर २०२४

विधानसभेच्या आचारसंहितेने पुन्हा महिनाभर खाल्ला. तीन अर्जांपैकी पुलाचे कठडे आणि दिवे पूर्ण झाले. शौचालयामागे एक खांब आला, फरशी बाकी. छताचं काम पुढच्या यादीत.

पैसे : दर घरटी महिन्याला ५० रुपये ठरले होते, निम्म्याहून कमी घरं देतात. तरी फ्लडलाइटचं बिल, इंटरनेट, कुलपं, ट्यूबलाइट भागतात. हिशेब दर महिन्याला समाजमंदिराच्या दारावर चिकटवतो. तो एका महिन्यात लागला नाही तर पुढच्या महिन्यात वर्गणी लगेच घसरते, हा अनुभव आहे.

गाड्यांची तोडफोड या वर्षात एकदा झाली, मोठ्या रस्त्याच्या टोकाला, बाहेरच्या पोरांकडून. मोबाइल हिसकावणं थांबलेलं नाही, कारण ते मोठ्या रस्त्यावर घडतं आणि तिथे आमचा जोर चालत नाही. शौचालयाच्या दोन्ही कड्या बसवल्यात. त्या मावशींना परवा विचारलं, त्या आता रात्री नऊनंतरही जातात, नातीला घेऊन.

जानेवारीची कामं : छतावर तात्पुरता ताडपत्रीचा थर, वळणावरच्या कॅमेऱ्याची काच पुसणं, पालांतल्या मुलांना अभ्यासिकेत आणण्यासाठी त्यांच्या आयांची बैठक, फरशीच्या अर्जाचा पाठपुरावा. वही १ तारखेपासून बारावी झालेल्या मुलीकडे देतोय. ती माझ्यापेक्षा नीट लिहिते आणि क्षेत्रीय कार्यालयात तिचं बोलणं ऐकून घेतात.